लीड्समध्ये संध्याकाळ कशी घालवावी: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

सप्टेंबरच्या मध्यापासून इंग्लंडमधल्या लीड्समध्ये पुण्या-मुंबईकडचे विद्यार्थी दिसू लागतात आणि त्यांच्या आगेमागे नोकरीसाठी आलेली जोडपी, रुग्णालयांत रुजू झालेले डॉक्टर आणि परिचारिकाही येतात. भाड्याचे घर, बँकेचे खाते आणि फोनचे कार्ड ही कामे मार्गी लागली की पुढचा प्रश्न उभा राहतो: नोव्हेंबरात चार-सव्वाचारलाच अंधार पडणाऱ्या या शहरात संध्याकाळी करायचे काय? बहुतेक जण ट्रिनिटी किंवा द लाइट या मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये एखादा चित्रपट पाहतात, शनिवारी रात्री कॉल लेन या बारच्या रस्त्यावर एक चक्कर मारतात आणि महिन्याभरात ‘इथे खर्च फार आणि बघण्यासारखे काही नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीच्या दारापासून सुरुवात केल्यामुळे निघतो. लीड्सचे उत्तम ते बहुतांशी लहान, जुन्या सभागृहांत आहे, त्यातले बरेचसे स्वस्त किंवा फुकट आहे, पण ते रस्त्यावरून जाता जाता सापडत नाही. कार्यक्रमपत्रिका आधी पाहून जावे लागते. म्हणून हा लेख कोणत्या क्रमाने सुरुवात करावी, हे सांगण्यासाठी आहे.

भूगोल सोपा आहे. रेल्वे स्थानकापासून ब्रिगेट हा पादचाऱ्यांचा मुख्य रस्ता, तेथून हेडरो, आणि हेडरोवरून चढ चढत वुडहाउस लेनने विद्यापीठ, असा अर्ध्या तासाच्या आतला पायी रस्ता आहे. नाट्यगृहे, कलादालने आणि बहुतेक पब या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. विद्यापीठापलीकडे वुडहाउस मूर हे मोठे मैदान ओलांडले की हाइड पार्क आणि पुढे हेडिंग्ले हा विद्यार्थ्यांचा भाग लागतो. पहिल्याच आठवड्यात हा रस्ता दिवसा एकदा चालून पाहावा, म्हणजे रात्री फोनच्या नकाशात डोके घालून उभे राहण्याची वेळ येत नाही.

पहिली पायरी: ओळखपत्र

मनोरंजनाच्या लेखात ओळखपत्राची गोष्ट आधी काढल्याबद्दल नवल वाटेल, पण दारावरून परत पाठवले जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते. इंग्लंडमध्ये दारू विकत घेण्याचे कायदेशीर वय १८ आहे. मात्र ग्राहक पंचविशीच्या आतला दिसला तर ओळखपत्र मागण्याची पद्धत दुकानांपासून क्लबपर्यंत सर्वत्र पाळली जाते. आपली माणसे इथल्या नजरेला वयाने लहान वाटतात, त्यामुळे तिशीतल्या माणसालाही विचारणा झाली तर तो अपमान समजू नये. आधार कार्ड, विद्यापीठाचे कार्ड किंवा फोनमधला पासपोर्टचा फोटो यांवर विसंबून जाऊ नये. पूर्वी व्हिसासोबत मिळणारे प्लास्टिकचे निवास-परवाना कार्ड दाखवता येत असे; ती कार्डे २०२४ च्या अखेरीस संपली आणि आता परवाना ऑनलाइन असतो, जो दारावरच्या माणसाच्या कामाचा नाही.

उरतो तो मूळ पासपोर्ट. तो खिशात घालून शनिवारी रात्री गर्दीत फिरणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ‘पास’ हे होलोग्रामचे चिन्ह असलेले वयाचे ओळखपत्र मागवणे, आणि दुसरा म्हणजे सहा महिन्यांहून अधिक राहण्याची परवानगी असेल तर तात्पुरत्या वाहन परवान्यासाठी अर्ज करणे, ज्याचे ऑनलाइन शुल्क ३४ पौंड आहे आणि ज्याचा पुढे गाडी शिकतानाही उपयोग होतो. दोन्ही पोस्टाने येतात आणि वेळ घेतात. म्हणून अर्ज आल्या आल्या करावा.

दुसरी पायरी: सिनेमा

सुरुवात हाइड पार्क पिक्चर हाउसपासूनच करावी, हा माझा आग्रह आहे. ब्रुडनेल रोडच्या कोपऱ्यावर विटांच्या चाळवजा घरांच्या रांगांमध्ये उभे असलेले हे चित्रपटगृह नोव्हेंबर १९१४ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच उघडले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. आत शिरल्यावर आधी भिंतींकडे पाहावे: प्रेक्षागृहात आजही गॅसचे दिवे आहेत आणि चित्रपट चालू असताना ते मंद पिवळसर तेवत राहतात. मागच्या रांगेतल्या जोडप्यांनी मर्यादेत राहावे म्हणून हे दिवे ठेवले, असे सांगतात. वर कठड्याची बाल्कनी आहे, पडद्याभोवती नक्षीची चौकट आहे आणि बाहेर पदपथावर उभा असलेला नक्षीदार गॅसचा दिवादेखील संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर हे चित्रपटगृह २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडले, तेव्हा तळघरात दुसरा लहान पडदा तयार झाला. तिकीट काढताना आपला खेळ कोणत्या पडद्यावर आहे ते पाहून घ्यावे, कारण पहिल्या भेटीत वरच्या मूळ प्रेक्षागृहात बसण्यालाच अर्थ आहे. इथे नवे युरोपीय आणि स्वतंत्र चित्रपट लागतात, जुने पुन्हा दाखवले जातात, रात्री उशिराचे खेळ असतात आणि तान्ह्या बाळांना घेऊन येणाऱ्या पालकांसाठी दिवसाचे वेगळे खेळही असतात. घरात लहान मूल असलेल्या जोडप्यांनी ही शेवटची सोय जरूर लक्षात ठेवावी. त्या खेळाला मूल रडले तरी कोणी वळून पाहत नाही.

हेडिंग्लेत कॉटेज रोड सिनेमा आहे, तो १९१२ पासूनचा, एकाच पडद्याचा आणि घरगुती स्वभावाचा. मल्टिप्लेक्स हवेच असतील तर शहराच्या मध्यात व्ह्यू आणि एव्हरीमन आहेत. यांपैकी दुसऱ्यात सोफ्यावर बसून जेवण मागवता येते आणि त्याचे दामही तसेच मोजावे लागतात. हिंदी चित्रपट लीड्स आणि शेजारच्या ब्रॅडफर्ड शहरातल्या चित्रपटगृहांच्या मोठ्या साखळ्यांत नियमित लागतात. मराठी चित्रपटांची गोष्ट वेगळी: ते आले तर बहुधा शनिवार-रविवारचे एक-दोन खेळ असतात आणि त्यांची जाहिरात चित्रपटगृहापेक्षा मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांतून आधी कळते. असा खेळ जाहीर झाला की तिकीट लगेच काढावे, कारण पुढच्या खेळांचे भवितव्य पहिल्याच्या गर्दीवर ठरते.

आपल्याकडच्या सवयींशी न जुळणाऱ्या काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. इथे राष्ट्रगीत होत नाही. मध्यंतरही नसते, तीन तासांच्या हिंदी चित्रपटात पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी झळकते, प्रेक्षक अर्धवट उठतात आणि चित्रपट तसाच पुढे सरकतो, तेव्हा चहा-पाण्याचा आणि स्वच्छतागृहाचा हिशेब आधीच करून बसावे. मोठ्या साखळ्यांत छापील वेळेनंतर वीसेक मिनिटे जाहिराती आणि झलकी चालतात. लहान चित्रपटगृहांत मात्र तेवढी सवड मिळेलच असे नाही. वयाचे दाखले इथे शब्दशः पाळले जातात. ‘१२ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला बारा वर्षांखालचे मूल मोठ्या माणसाबरोबर चालते, पण १५ किंवा १८ चे प्रमाणपत्र असेल तर त्याखालच्या मुलाला आई-बाप सोबत असूनही आत घेत नाहीत. मारधाडीचे हिंदी चित्रपट बऱ्याचदा याच वर्गात मोडतात, हे सहकुटुंब तिकिटे काढण्यापूर्वी तपासावे.

नोव्हेंबरात लीड्स आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. तो १९८७ पासून चालू आहे आणि शहरातल्या अनेक सभागृहांत सुमारे दोन आठवडे चालतो. एकेक तिकीट काढण्यापेक्षा काही खेळांचा एकत्रित पास परवडतो. लघुपटांचे गुच्छ पाहावेत असे मी सुचवीन, कारण मोठे चित्रपट पुढे कुठेतरी सापडतात, लघुपट क्वचितच सापडतात.

आणि सिनेमाचा विषय निघालाच आहे तर लीड्स ब्रिजवर एकदा जाऊन यावे. १८८८ साली लुई ल प्रँस या फ्रेंच माणसाने इथल्या एका इमारतीच्या खिडकीतून पुलावरची घोडागाड्यांची आणि माणसांची ये-जा आपल्या कॅमेऱ्याने टिपली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राउंडहे भागातल्या एका बागेत घरच्या मंडळींना चालायला लावून दोन-अडीच सेकंदांचे दृश्य चित्रित केले. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला प्रसिद्ध खेळ १८९५ चा आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलातला १८९६ चा, हे आठवले म्हणजे या तारखांचे महत्त्व ध्यानात येते. ल प्रँस सप्टेंबर १८९० मध्ये फ्रान्समधील दिजों येथे पॅरिसच्या गाडीत चढला आणि त्यानंतर कोणालाही दिसला नाही. पुलाजवळच्या इमारतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. ती शोधायला दोन मिनिटे लागतात.

तिसरी पायरी: नाटक, ऑपेरा आणि नृत्य

न्यू ब्रिगेटवरचे ग्रँड थिएटर १८७८ चे आहे. ते, ब्रिगेटच्या एका गल्लीत दडलेले १८६५ चे सिटी व्हरायटीज आणि वर सांगितलेले हाइड पार्क पिक्चर हाउस ही तिन्ही ‘लीड्स हेरिटेज थिएटर्स’ ही एकच संस्था चालवते, त्यामुळे एका संकेतस्थळावर तिघांचे कार्यक्रम दिसतात. ग्रँडमध्ये दौऱ्यावर आलेली मोठी संगीत नाटके होतात, पण त्याची खरी ओळख म्हणजे ऑपेरा नॉर्थ. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे घर हेच आहे. ज्यांनी नाट्यसंगीत ऐकले आहे त्यांनी ऑपेराला घाबरण्याचे कारण नाही. गोष्ट आधी वाचून जावी. गाणे कोणत्याही भाषेत असले तरी मंचाच्या वर इंग्रजी ओळी दिसत राहतात. फक्त तान संपण्याआधी ‘वाहवा’ करू नये, आणि ‘वन्स मोअर’ची हाक तर मनातच ठेवावी, टाळ्या पद पूर्ण झाल्यावर वाजवतात. याच मंचावर २०२२ मध्ये ऑपेरा नॉर्थने ‘साउथ एशियन आर्ट्स यूके’ या लीड्समधल्या संस्थेबरोबर माँतेव्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या १६०७ मधील ‘ऑर्फिओ’ या ऑपेराची नवी बांधणी केली होती, ज्यात युरोपीय प्राचीन वाद्ये आणि सतार-तबला एकत्र होते आणि संगीताची जबाबदारी सतारवादक जसदीप सिंग देगुण आणि लॉरेन्स कमिंग्ज यांच्याकडे होती. ‘साउथ एशियन आर्ट्स यूके’च्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींवर नजर ठेवावी. भीमसेनजींच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्यांची काही सोय तिथे होऊ शकते.

तिकिटांबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटे जरूर घ्यावीत, पण ‘दृश्य मर्यादित’ अशी नोंद असेल तर ती गांभीर्याने घ्यावी, कारण या जुन्या इमारतींत खांब खरोखरच आडवे येतात. विद्यार्थी आणि तरुणांसाठी सवलती असतात, त्या विचारल्याशिवाय कोणी देत नाही. प्रयोग बहुधा साडेसातला सुरू होतो, उशिरा पोहोचल्यास योग्य विराम येईपर्यंत बाहेर थांबवतात, आणि ‘पहिली घंटा, दुसरी घंटा, मग सावकाश’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. नाटकाला मध्यंतर असते आणि त्या वेळी छोट्या डब्यांतले आइस्क्रीम घेऊन उभे राहणे हा इथला जवळजवळ धार्मिक विधी आहे. कपड्यांचा कोणताही दंडक नाही.

सिटी व्हरायटीज लहान आहे, अरुंद आहे आणि शहरातले माझे सर्वांत आवडते सभागृह आहे. तीन बाजूंनी बाल्कन्या इतक्या जवळ येतात की कलाकाराच्या कपाळावरचा घाम दिसतो. बालवयातल्या चार्ली चॅप्लिनने इथे काम केले होते आणि बीबीसीने १९५३ ते १९८३ या काळात ‘द गुड ओल्ड डेज’ हा जुन्या म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-विनोदाच्या करमणुकीच्या, धर्तीवरचा कार्यक्रम इथूनच दाखवला. आता इथे स्टँड-अप विनोदाचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर होतात. पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांची फिरकी घेतली जाणार हे गृहीत धरावे. यॉर्कशर या इथल्या परगण्याचा उच्चार अजून कानात बसला नसेल तर तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून मागे बसणे शहाणपणाचे. डिसेंबरात पँटोमाइम असते. नाव मूकनाट्याचे असले तरी हा प्रकार अत्यंत गोंगाटाचा आहे: खलनायक आला की सर्वांनी हुर्यो करायची, तो नायकाच्या पाठीमागे आला की मुलांनी ‘मागे बघ’ म्हणून ओरडायचे आणि स्त्रीपात्र पुरुषाने रंगवायचे. तमाशातली मावशी पाहिलेल्या माणसाला यात काहीही परके वाटू नये. सिटी व्हरायटीजच्या पँटोमाइममध्ये नटच वाद्ये वाजवून रॉक संगीत सादर करतात.

क्वारी हिलवर, मुख्य बसस्थानकाच्या समोर, लीड्स प्लेहाउस आहे. सध्याच्या जागी ते १९९० पासून आहे आणि नव्या गद्य नाटकांसाठी तिकडे पाहावे. त्याला लागूनच नॉर्दर्न बॅले आणि फिनिक्स डान्स यांची एकत्रित इमारत आहे. यांतली फिनिक्स ही समकालीन नृत्याची संस्था १९८१ मध्ये इथल्याच तीन कृष्णवर्णीय तरुणांनी सुरू केली. प्रौढांसाठी नवशिक्यांचे नृत्यवर्गही या इमारतीत होतात, आणि परक्या शहरात ओळखी होण्यासाठी प्रेक्षक होण्यापेक्षा शिकाऊ होणे जास्त उपयोगी पडते.

चौथी पायरी: कलादालने

यासाठी फार नियोजन लागत नाही, कारण प्रवेश फुकट आहे. हेडरोवर १८८८ मध्ये उघडलेली लीड्स आर्ट गॅलरी आहे, विसाव्या शतकातल्या ब्रिटिश कलेचा तिचा संग्रह भक्कम आहे, आणि तिच्या शेजारीच काळ्या दगडी दर्शनी भागाची हेन्री मूर इन्स्टिट्यूट केवळ शिल्पकलेला वाहिलेली आहे. हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ हे शिल्पकार दोघेही लीड्सच्या कलाशाळेत शिकले. गॅलरीला लागून असलेल्या टाइल्ड हॉल या उपाहारगृहात, रंगीत फरशांच्या कमानींखाली चहा घ्यावा. हे पूर्वी ग्रंथालयाचे वाचनालय होते. सोमवारी ही दालने बंद असतात. विद्यापीठाच्या पार्किन्सन इमारतीतील दालनही फुकट आहे आणि पाऊस लागला की विद्यार्थ्यांना सोयीचे पडते. ज्यांना शिल्पांची गोडी लागेल त्यांनी एखादा अख्खा दिवस काढून वेकफील्डजवळच्या यॉर्कशर स्कल्प्चर पार्कला जावे. तिथे तिकीट आहे, चिखल आहे आणि मूरच्या शिल्पांच्या आजूबाजूला चरणाऱ्या मेंढ्या आहेत. चांगले बूट घालावेत.

पाचवी पायरी: संगीत

हाइड पार्क पिक्चर हाउसपासून थोड्याच अंतरावर क्वीन्स रोडवर ब्रुडनेल सोशल क्लब आहे. बाहेरून पाहिले तर बसकी, सपाट छताची, जराही आकर्षक नसलेली इमारत. नावातल्या ‘क्लब’ शब्दामुळे नवा माणूस सभासदत्व लागत असेल असे समजून परत फिरतो. सभासदत्व लागत नाही. १९१३ मध्ये कामकरी वस्तीचा क्लब म्हणून सुरू झालेली ही जागा आज देशभरातल्या संगीतप्रेमींना ठाऊक आहे. आत एका खोलीत स्थानिक म्हातारे स्नूकर किंवा पूल खेळत असतात, टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू असतो आणि भिंतीपलीकडच्या सभागृहात कुठल्यातरी अमेरिकन बँडची ध्वनिचाचणी चाललेली असते. या दोन जगांपैकी कोणीच दुसऱ्याची फिकीर करत नाही. दारूचे दर शहराच्या मध्यापेक्षा बरे असतात आणि गरम ‘पाय’, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, मिळतो. शाकाहारी ‘पाय’ आहे का, हे आधी विचारावे.

अशा कार्यक्रमाची रीत साधारण अशी असते. तिकिटावर लिहिलेली वेळ ही दार उघडण्याची असते. तासाभराने आधी एखादा कमी परिचित गट वाजवतो आणि मुख्य कलाकार नऊच्या सुमारास येतो. बसायला खुर्च्या नसतात. अकराच्या आत बहुधा सारे संपते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्यांनाही जाता येते. कानांत घालायचे बोळे जवळ ठेवावेत. ते वापरणारी माणसे नवशिकी समजली जात नाहीत, उलट नेहमीचीच मंडळी ते वापरतात. नाव माहीत नसलेल्या बँडचे स्वस्त तिकीट काढून जाणे हा इथे प्रतिष्ठित छंद आहे आणि मी तो मनापासून सुचवतो.

शहराच्या मध्यात बेलग्रेव्ह म्युझिक हॉल आणि द वॉर्डरोब ही मध्यम आकाराची ठिकाणे आहेत, आणि मोठ्या दौऱ्यांसाठी २०१३ पासून फर्स्ट डायरेक्ट अरीना आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रेफेक्टरी या भोजनगृहाच्या भिंतीवरची निळी पाटी वाचावी: ‘द हू’ या बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी इथेच वाजवले आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण रॉक संगीताच्या इतिहासात गाजले. पाश्चात्त्य अभिजात संगीताची चव घ्यायची असेल तर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या क्लोथवर्कर्स सभागृहात दुपारच्या वेळी होणाऱ्या फुकट मैफली हा सर्वांत सोपा मार्ग आहे. १९६३ पासून चालत आलेली लीड्सची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धाही दर काही वर्षांनी होते. २०२४ मध्ये ती झाली होती.

सहावी पायरी: पब आणि त्यापुढची रात्र

पब म्हणजे बार नव्हे, आणि दारू न पिणाऱ्यानेही तिथे जाण्यास कचरू नये. लिंबू सरबताच्या जवळ जाणारे ‘लाइम अँड सोडा’ बहुतेक ठिकाणी अगदी स्वस्तात मिळते आणि शून्य टक्के मद्यार्काची बिअर आता सर्रास असते. पहिल्यांदा जायचे तर ब्रिगेटवरून आत जाणाऱ्या एका बोळातल्या व्हाइटलॉक्समध्ये जावे. हा पब १७१५ पासूनचा आहे. लांबट, अरुंद खोली, पितळी दांड्या, रंगीत फरशांनी मढवलेला लांबच लांब गल्ला आणि बाहेर बोळात मांडलेली बाके असे त्याचे रूप आहे. शनिवारी आत पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी संध्याकाळी मात्र निवांत बसता येते.

टेबलाशी बसून वेटरची वाट पाहिली तर पाहतच राहावे लागते. गल्ल्यापाशी जाऊन स्वतः मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आले हे सर्वांना ठाऊक असते, आणि नोट हलवणे किंवा हाक मारणे अतिशय असभ्य समजले जाते. टिप द्यावी लागत नाही. ‘राउंड’ची पद्धत मात्र नीट समजून घ्यावी: गटातला एक जण सर्वांसाठी आणतो, नंतर दुसरा, नंतर तिसरा. पुण्याच्या कॉलेजातला टीटीएमएमचा रिवाज, म्हणजे तुझे तू आणि माझे मी, इथे केला तर कोणी बोलून दाखवणार नाही, पण दोनदा दुसऱ्याच्या पैशाने प्यायल्यावर आपली पाळी टाळणारा माणूस कायमचा लक्षात राहतो. ज्याला एकच पेय घ्यायचे आहे त्याने सुरुवातीलाच ‘मी राउंडमध्ये नाही’ असे हसत सांगावे; ते कोणाला खटकत नाही. पाइंट, म्हणजे बिअरचा नेहमीचा मोठा पेला, जास्त वाटला तर अर्धा मागावा. अकराच्या सुमारास घंटा वाजते, ती शेवटची मागणी देण्याची खूण असते, लगेच उठण्याची नव्हे. काही पबांना त्याहून उशिरापर्यंतचा परवाना असतो.

पुढे जायचे असेल तर कॉल लेनवर तरुणांचे बार आणि नाचाची ठिकाणे आहेत, ग्रीक स्ट्रीटवर कचेऱ्यांतून सुटलेल्या लोकांची महागडी वर्दळ आहे आणि लोअर ब्रिगेटच्या आसपास समलिंगी व पारलिंगी समाजाचे बार आहेत, जिथे वातावरण बरेचदा सर्वांत मोकळे आणि प्रेमळ असते. क्लब अकराच्या आधी रिकामे असतात आणि तीन-चारपर्यंत चालतात. जानेवारीतही इथल्या मुली कोटाशिवाय रांगेत उभ्या दिसतील. त्यांचे अनुकरण करू नये, कोट ठेवण्याची सोय थोड्या पैशांत होते. शनिवारी दुपारी नर्स, कॅप्टन किंवा केळ्याच्या वेषातली माणसे हेडिंग्लेच्या रस्त्यावर झुंडीने दिसली तर घाबरू नये: ती ओटली रन नावाची, एकामागून एक पब घेत शहराकडे येण्याची प्रथा आहे. त्या वेळी त्या मार्गावरच्या बसने घाईच्या कामाला निघू नये.

आपला पेला नजरेआड ठेवू नये, आणि परक्याने आणून दिलेले पेय नम्रपणे नाकारावे. कोणाच्या वागण्याने असुरक्षित वाटले तर गल्ल्यापाशी जाऊन ‘अँजेला आहे का’ असे विचारावे. या योजनेत सहभागी असलेल्या ठिकाणी ही मदतीची सांकेतिक विनंती असते आणि कर्मचारी गाजावाजा न करता बाजूला नेऊन टॅक्सी किंवा पोलिसांची व्यवस्था करतात.

परतण्याचे नियोजन निघण्यापूर्वीच करावे. रेल्वेगाड्या मध्यरात्रीच्या आसपास थांबतात आणि रात्रभर धावणाऱ्या बसचे मार्ग मोजके आहेत; शेवटच्या फेरीची वेळ फोनमध्ये उतरवून ठेवावी. टॅक्सीचे दोन प्रकार असतात. छतावर दिवा असलेली हॅकनी टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबवता येते. दुसरी, खासगी भाड्याची गाडी, फक्त आधी नोंदवूनच घ्यायची असते. नोंदणी न करता समोर थांबून ‘कुठे जायचे’ म्हणून विचारणाऱ्या गाडीत कधीही बसू नये, कारण असा प्रवास बेकायदेशीर असतो आणि त्याला विम्याचे संरक्षणही नसते. वुडहाउस मूरमधून जाणारी पायवाट रात्री टाळावी आणि दिव्यांच्या मुख्य रस्त्याने जावे, मग दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

वर्षाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यासारखे

ऑक्टोबरात लाइट नाइट असते: दोन संध्याकाळी शहराच्या मध्यातल्या इमारतींवर आणि चौकांत प्रकाशाच्या कलाकृती मांडल्या जातात, सारे फुकट. त्याच सुमारास नवरात्र आणि दिवाळी येते, आणि हाइड पार्कजवळ अलेक्झांड्रा रोडवरच्या हिंदू मंदिरातल्या कार्यक्रमांची चौकशी करून ठेवता येते. नोव्हेंबर चित्रपट महोत्सवाचा, डिसेंबर पँटोमाइमचा.

जानेवारी-फेब्रुवारीत लीड्स मरगळते, तेव्हा ब्रॅडफर्डला जावे. रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तिथले नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियम फुकट आहे, ल प्रँसचा कॅमेरा त्याच्याच संग्रहात आहे, आणि त्याच्या पिक्चरव्हिल या चित्रपटगृहात तीन प्रक्षेपकांनी वक्र पडद्यावर दाखवला जाणारा जुना सिनेरामा अधूनमधून चालवतात, जो जगात फारच थोड्या ठिकाणी उरला आहे. सिनेमाशी असलेल्या याच नात्यामुळे ब्रॅडफर्डला २००९ मध्ये युनेस्कोने चित्रपटनगरीचा मान दिला. त्याच बाजूला सॉल्टेअरमध्ये १८५३ च्या कापडगिरणीत, सॉल्ट्स मिलमध्ये, ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेल्या डेव्हिड हॉकनीची चित्रे पाहायला मिळतात, तीही तिकिटाशिवाय. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराने ती गिरणी आवर्जून पाहावी.

उन्हाळ्यात नाट्यगृहे थंडावतात, पण ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, बँक हॉलिडेला, चॅपलटाउनमध्ये वेस्ट इंडियन कार्निव्हल असतो. आर्थर फ्रान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सुरू केलेला हा उत्सव कॅरिबियन समाजानेच उभा केला आणि तोच आजही चालवतो. मिरवणूक दुपारी पॉटर्न्यूटन पार्कातून निघते आणि फिरून तिथेच परत येते. पिसांचे प्रचंड पोशाख उद्यानात जमतात तेव्हा जवळून पाहता येतात, म्हणून बाराच्या आधी पोहोचावे. रस्ते बंद असतात आणि बस वळवलेल्या असतात, तेव्हा शहरातून चालतच जावे. रोख पैसे थोडे जवळ ठेवावेत, आणि जर्क चिकनच्या, म्हणजे कॅरिबियन पद्धतीच्या मसालेदार भाजलेल्या कोंबडीच्या, टपऱ्यांवर रांग लांबण्याआधीच जेवून घ्यावे. शाकाहारी मंडळींना तिथे भाजलेले मक्याचे कणीस मिळण्याची शक्यता अधिक.